वाराचं जेवण

माशीखोलीत शिरण्यापूर्वी सुकेशिनी मेश्राम कोपरापर्यंत हात धुवायची, तेही नुसत्या पाण्यानं. वासाचा साबण सोडून तिला बरीच वर्षं झाली होती. केसाला तेल नाही, अंगाला पावडर नाही, आणि लग्नात कुणी कौतुकानं गजरा पुढे केला तर तो शेजारणीच्या केसांत माळून ती मोकळी व्हायची. "माझ्या पोरींना चालत नाही," एवढंच सांगायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाईला दोन-तीन मुली असतील आणि त्यांना दमा असेल. प्रत्यक्षात सुकेशिनीचं लग्नच झालेलं नव्हतं, आणि पोरी हजारोंच्या घरात होत्या.

त्या पोरी म्हणजे वाळूमाश्या. तिळाएवढं भुरकट अंग, त्यावर बारीक लव, बसताना पंख उभे धरण्याची ऐट, आणि उडायचं म्हटलं की नुसत्या टुणटुण उड्या. नागपूरच्या बाहेर एका संशोधन संस्थेच्या तळघरात त्यांची वसाहत होती. भांड्यांना आतून प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर दिलेला, तो थर कायम ओलसर ठेवायचा, आणि त्यात अळ्या. अळ्यांचं खाणं म्हणजे सशाच्या लेंड्या आणि सशाचा खुराक एकत्र कुजवून, वाळवून, कुटून केलेली पूड. पूड जास्त पडली की बुरशी धरते, कमी पडली की अळ्या रोडावतात. सुकेशिनी ती चिमटीनं टाकायची, भाजीत मीठ टाकावं तशी.

अळीची माशी झाली की नराचं साखरपाण्यावर भागतं. मादीला मात्र अंडी घालायची तर रक्त लागतं. रक्त पाजायचं यंत्र संस्थेनं हौसेनं आणलं होतं. त्यावर कोंबडीच्या पिल्लाचं पातळ कातडं ताणलेलं, आत कोमट रक्त खेळवलेलं. माश्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी माणसांनीच हात द्यायचे ठरले. वसाहतीत कुठलाही रोग नव्हता, त्यामुळे धोका नव्हता. खाज मात्र मनसोक्त होती.

माशीखोलीच्या प्रमुख डॉ. शरयू पेठे पुण्याच्या. त्यांचे पणजोबा गरिबीत वार लावून शिकलेले, म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. "आपण माश्यांचेही तसेच वार लावू," असं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर सात वार लिहिले आणि प्रत्येक वारापुढे एकेका सहकाऱ्याचं नाव. पुढे एकाच्या हाताला गांधी उठायला लागल्या, एकीला दिवस गेले, एकाला हैदराबादला चांगली नोकरी लागली. एकेक नाव पुसलं गेलं आणि तिथं सुकेशिनीचं नाव आलं. बघता बघता सातही वार तिचेच झाले. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. उलट पेठे मॅडम आल्या-गेल्याला कौतुकानं सांगायच्या, "हिच्या हातावर वसाहत कशी फोफावलीय बघा!" चूक नेमकी तिथंच होत होती, पण ती समजायला अजून अवकाश होता.

सुकेशिनी हे सगळं करत होती ती सुगतसाठी. सुगत तिचा धाकटा भाऊ. सकाळी भाकर-दूध खाऊन खेळायला गेलेलं पाच वर्षांचं पोर संध्याकाळी तापानं फणफणलं, रात्रीत झटके आले, आणि दुसऱ्या दिवशी गेलं. विदर्भातल्याच एका गावाचं नाव मिरवणारा चंडीपुरा विषाणू तो. वाळूमाशीच्या चाव्यातून येतो, लेकरांच्या मेंदूवर जातो, आणि आईबापांना धावपळ करायलासुद्धा वेळ देत नाही. ताप क्वचित येतो, येतो तो खेड्यात, म्हणून त्याच्यावर लस काढायला कुणी उत्साहानं पुढे येत नव्हतं.

पेठे मॅडमनी वेगळाच मार्ग काढला. माशी चावते तेव्हा रक्त पिण्याआधी आपली लाळ कातडीखाली सोडते. मॅडमनी या माश्यांच्या लाळग्रंथीत विषाणूच्या वरच्या कवचाचा एक तुकडा तयार होईल अशी व्यवस्था केली. नुसतं कवच, आत काही नाही. सापाची टाकलेली कात पाहून साप ओळखायला शिकावं, तसं शरीर त्या तुकड्यावरून विषाणूला ओळखायला शिकतं. थोडे चावे झाले की लेकराच्या रक्तात पहारा बसतो. शिवाय ह्या माश्यांच्या पोटात खरा विषाणू वाढूच शकत नाही. सुई नको, शीतपेटी नको, उडत येणारी लस. पहिल्यांदा ती एका गावात सोडायची परवानगी मिळाली, आणि ते गाव होतं सुकेशिनीचं बोरटोला. मृग लागायच्या आत माश्या सोडायच्या आणि तापाचे दिवस सुरू होईतो लेकरांच्या रक्तात पहारा बसवायचा.

*

बोरटोल्याच्या बसला आता ड्रायव्हर राहिला नव्हता, ती आपली आपण चालायची. उशिरा येण्याची जुनी सवय मात्र तिनं सोडली नव्हती. उन्हं कलता सुकेशिनी घरी पोचली तेव्हा तिची माय, पंचफुलाबाई, भिंतीशी उकिडवी बसून भेगा बुजवत होती.

सुगत गेल्यापासून पंचफुलाबाईनं दोन गोष्टी धरल्या होत्या. एक म्हणजे भिंती. माशी भेगेत राहते असं तेव्हा कुणीतरी डॉक्टर सांगून गेला होता. त्या दिवसापासून माती, कुटार आणि चुना कालवून ती भेगा लिंपत आली. दिवेलागणीला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची. तिच्या घरात बोट घालायला भेग सापडली नसती. दुसरी गोष्ट म्हणजे लुगडी. दोनच होती, एक राखाडी, एक मातकट, दोन्ही धुऊन धुऊन विटलेली. रंगाचं कापड तिनं पुन्हा अंगाला लावलं नाही. सुकेशिनीनं पहिल्या पगारातून निळं लुगडं आणलं होतं. ते घडी न मोडता पेटीत पडून होतं.

"हात दाखव," माय म्हणाली.

सुकेशिनीनं उकाड्यातसुद्धा लांब बाह्या घातल्या होत्या. "काई नाई वं माय."

"दाखव म्हनलं न."

बाही वर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल ठिपकेच ठिपके. पंचफुलाबाईनं ते पाहिलं, उठली, आत जाऊन खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली.

"तेल नोको. माश्यायले वास चालत नाई."

माय थांबली. वाटी खाली ठेवली. "ज्या जातीनं माह्या सुगतले नेलं," ती हळूच म्हणाली, "तिले तू रगत पाजते. आन् तिले वास चालत नाई म्हनून माह्या हातचं तेलबी नोको तुले."

शास्त्र सांगता आलं असतं, पण बोलणं शास्त्राचं चाललं नव्हतंच. सुकेशिनी चुलीपुढे बसून भाकरी थापू लागली, आणि दोघी जणी हवापाण्याचं बोलत राहिल्या.

ग्रामसभेत पेठे मॅडमनी सगळं नीट समजावून सांगितलं. बाधेचं, खाजेचं, न चालल्यास काय याचंही. लोकांनी पुष्कळ प्रश्न विचारले. अंगणवाडीच्या ताराबाई उईके यांनी सर्वांत आधी हात वर केला. त्यांच्या कडेवर त्यांची नात ओवी होती, नुकतीच रांगायला लागलेली. एकामागून एक हात वर झाले. पंचफुलाबाई मागे बसली होती. तिनं हात वरही केला नाही आणि उठूनही गेली नाही.

बाहेर आल्यावर म्हणाली, "गावानं हो म्हनलं, त माही आडकाठी नाई. पन माह्या घराचा उंबरा त्यायनं वलांडायचा नाई."

*

माश्या सोडल्या. अंगणवाडीपाशी, विहाराच्या मागे, विहिरीजवळच्या गोठ्यांत. मग घरोघर सापळे लावले. छोटा दिवा, त्याखाली पंखा आणि जाळीची पिशवी. कुठल्या घरी किती माश्या येतात ते त्यावरून कळायचं. पंधरवडा उलटल्यावर बोटातल्या रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा. रक्तात पहारा बसला असेल तर पट्टीवर निळी रेघ उमटते.

सगळी लेकरं कोरी निघाली. ओवीची पट्टी कोरी, तिच्या आळीतली सगळी कोरी. अंगणवाडीतले सापळे रिकामे, मुलं झोपतात त्या घरांतले रिकामे. पेठे मॅडम खुर्चीत मागे टेकून बसल्या. एवढ्या वर्षांचं काम असं मातीत गेलेलं पाहून माणसाचं जे होईल तेच त्यांचं झालं होतं.

"माश्या गेल्या कुठं?" त्या म्हणाल्या.

उत्तर शेवटच्या पिशवीत होतं. ती पिशवी भुरकट माश्यांनी खच्चून भरली होती. त्या घराच्या पट्टीवरची निळी रेघही इतकी ठळक होती की पेठे मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. घर पंचफुलाबाईचं होतं.

"असं कसं?" सुकेशिनी म्हणाली. "आमच्या घरात एक भेग नाही मॅडम. धूर असतो रोज."

पेठे मॅडमची नजर तिच्या हातावर गेली.

"आपण किती पिढ्या तुझ्या हातावर काढल्या?"

आणि सुकेशिनीला एकदम उमगलं. गोष्ट इतकी साधी होती की लाज वाटावी. माणसाच्या कातडीवर कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. ते घामाचं काहीबाही करतात आणि त्यातून प्रत्येकाचा आपापला वास तयार होतो. जिला सुकेशिनीचा वास आवडला ती माशी पोटभर प्यायली, तिनं अंडी घातली. जिला आवडला नाही ती उपाशी राहिली आणि निपुत्रिक गेली. दर पिढीला हेच. आपण माश्या निवडतोय असं सगळ्यांना वाटत होतं. तिकडे वर्षानुवर्षं माश्या सुकेशिनीला निवडत होत्या. आता त्यांना दुसरं माणूस माणूस वाटतच नव्हतं. त्यांना गावात सोडल्यावर त्या तिलाच शोधत निघाल्या, आणि ती नाही तर तिच्या सर्वांत जवळचा वास जिथं होता तिथं गेल्या. अंगाचा वास थोडाफार रक्तातून येतो. लेकीचा मायकडून.

"सातही वार एकाच घरी जेवायला घातल्यावर दुसरं काय होणार!" मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या. "चूक माझी आहे, सुकेशिनी. तो वास रसायनं जुळवून बाटलीत भरता येईल, पण तपासण्या, परवानग्या... तोवर तापाचे दिवस येऊन जातील."

"दुसऱ्या हातांवर नवी वसाहत?"

"पुढच्या वर्षी. या वर्षीच्या लेकरांना त्याचा काय उपयोग?"

सुकेशिनीला काही वेगळंच आठवत होतं. एखादं नवं भांडं बुजरेपणा करू लागलं, हातावर उतरेना, की ती आपला वापरलेला रुमाल जाळीवर टाकायची. मग माश्या निमूट जेवायला यायच्या. तिनं मॅडमना रुमालाचं सांगितलं. मॅडम ताडकन सरळ बसल्या.

*

पंचफुलाबाई अंगणात तूर पाखडत होती. सुकेशिनी समोर बसली. आज तिनं बाह्या दुमडलेल्या होत्या. मायनं सूप बाजूला ठेवलं आणि आपल्या लुगड्याचा पदर दंडावरून सारला. तिच्याही हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लाल ठिपके होते. दोन्ही हात शेजारी शेजारी होते, आणि कुणाचा कोणता हे ठिपक्यांवरून सांगता आलं नसतं.

"भिंती बुजवल्या," पंचफुलाबाई म्हणाली. "दार लावलं. धूर केला. तरी गोठ्यातून येते, कौलातून येते. साऱ्या गावाले सोडून माह्याच अंगावर काहून बसते वं ह्या?"

सुकेशिनीनं सांगितलं. पहिल्यांदाच तिनं शास्त्र मायच्या भाषेत सांगितलं, अडखळत, मधे मधे थांबून. वासाचं, पिढ्यांचं, एकाच हातावर जेवल्याचं. पंचफुलाबाई ऐकत राहिली.

"म्हंजे त्या तुले हुडकत आल्या."

"हाव."

"आन् मी सापडलो."

"हाव माय."

पंचफुलाबाईच्या चेहऱ्यावर काय आलं ते सुकेशिनीला नीट कळलं नाही. राग होता, पण तो जागेवर राहत नव्हता. "सुगतचा सदरा मी धुतला नोता," ती म्हणाली. "पेटीत ठेवला. रोज काढून हुंगो. मंग एक दिस त्यातून वास गेला. त्या दिसी तो मले दुसऱ्यांदा गेल्यावानी वाटला. वासाचं मले नोको शिकवू पोरी."

सुकेशिनीला ही गोष्ट माहीत नव्हती. इतकी वर्षं एका घरात काढून तिला ती माहीत नव्हती. पण बोलायचं होतं ते आजच बोलायला हवं होतं. तिनं रुमालाचं सांगितलं. लेकरांच्या अंथरुणात आपल्या वासाचं कापड ठेवलं तर माश्या तिकडे जातील. "मी माहे दुपट्टे वापरून वापरून देतो. घरोघर ठेवू."

"म्हंजे लेकरायच्या अंगावर माश्या तूच धाडशीन."

"हाव."

तूर तशीच राहिली. पंचफुलाबाई उठून आत गेली, पुन्हा बाहेर आली. जिनं उभा जन्म माशी उंबऱ्याबाहेर ठेवण्यात घालवला, तिला आता लेक सांगत होती की ती लेकरांच्या उशाला नेऊन ठेवायची आहे. पेठे मॅडमना याचं उत्तर काय येईल ते माहीत नव्हतं, सुकेशिनीला माहीत नव्हतं, आणि खुद्द पंचफुलाबाईलाही नव्हतं.

"एक सांग," ती शेवटी म्हणाली. "खरं सांग. सुगतले ही तुही माशी आधी चावली असती, त वाचला असता का?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळं काम त्या एका शब्दावर अडलं होतं. सुकेशिनीनं मायच्या डोळ्यांत पाहिलं.

"बहुतेक," ती म्हणाली. "नक्की नाई सांगता येत. बहुतेक वाचला असता."

पंचफुलाबाई खाली बसली आणि तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. पाखडलं मात्र नाही. "त्या दिसी दवाखान्यातला डॉक्टर म्हने, घाबरू नोका, नक्की वाचते. नक्की म्हने. मी त्याच्या भरवशावर पोराले सोडून च्या प्याले गेलो, बाहेर. तेवढ्यात गेला." तिनं पदरानं नाक पुसलं. "तू आत्ता नक्की म्हनली असती, त मी तुले उठवून देल्लं असतं अंगनातून."

दोघीही थोडा वेळ रडल्या. आधी माय, मग लेक. गोठ्यातली गाय मान वळवून बघत होती.

मग पंचफुलाबाईनं डोळे पुसले आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "दुपट्टे-फिपट्टे कोनी लेकराखाली टाकू देनार नाई. लेकराले गोधडी लागते. आन् गोधडी म्हतारीच्या वापरल्या लुगड्याचीच लागते, पोरीच्या डरेसची होते का कोठं? शिवाय तू जाशीन नागपूरले. वास उडला की पुन्हा कोन घालन ते? मी हावो इथं."

"पन तुह्याजवळ दोनच लुगडी आहे माय."

"गावात काय लुगड्याचा दुष्काळ पडला का?"

*

दुसऱ्या दिवशी ताराबाई उईके आल्या ते काखोटीला पोपटी लुगडं मारूनच. ते पंचफुलाबाईनं नेसायचं, रानात जाऊन घाम गाळायचा, दोन दिवस अंगावर वागवायचं, न धुता ताराबाईंच्या हवाली करायचं, आणि त्याची गोधडी ओवीखाली जायची. पंचफुलाबाई ते पोपटी लुगडं हातात धरून बराच वेळ उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं रंग अंगाला लावला नव्हता. मग ती आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा ताराबाईंच्या तोंडून "अगा माय!" असंच निघालं.

"हासू नोको," पंचफुलाबाई म्हणाली. "दवा समजून नेसलो."

त्या महिन्यात बोरटोल्यात नवलच झालं. ज्या ज्या घरात पाळणा होता त्या घरातून लुगडं आलं. कुणी डाळिंबी दिलं, कुणी हळदी, एकीनं तर लग्नातलं जरीचं आणून दिलं. पंचफुलाबाई जरीचं लुगडं नेसून पऱ्हाटी निंदायला गेली आणि बांधावरची माणसं काम सोडून बघत राहिली. "कोनाचं लगन हाय वं काकू?" म्हणून कुणीतरी छेडलं. "तुह्या सासूचं!" ती म्हणाली, आणि खुरपं चालवत राहिली. खूप दिवसांनी लोकांनी तिला हसताना पाहिलं. संध्याकाळी ओसरीवर बाया जमून गोधड्या शिवायच्या. पंचफुलाबाई टाके घालता घालता मधूनच हात खाजवायची. कडुनिंबाचा धूर तिनं बंद केला होता. कारण विचारलं तर म्हणायची, "पाल्यासाठी लिंब भुंडा झाला."

सुकेशिनी आठवड्याला यायची, सापळे बघायची. पहिल्यांदा अंगणवाडीतल्या पिशवीत मोजक्याच माश्या सापडल्या. मग जास्त. ओवीच्या पायावर दोन लाल ठिपके उठले तेव्हा ताराबाई धावत पंचफुलाबाईकडे आल्या, आणि दोघी म्हाताऱ्या त्या ठिपक्यांकडे अशा पाहू लागल्या की जणू लेकराला पहिला दात आलाय.

पट्ट्या पुन्हा झाल्या. ओवीच्या पट्टीवर रेघ उमटली, फिकी, पण निळी. पुढच्या फेरीला ती गडद झाली. एकेका घरातून तसंच कळत गेलं. पेठे मॅडमनी त्या पट्ट्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि सुकेशिनीचा हात हातात घेतला.

तापाचे दिवस आले. आजूबाजूच्या गावांतून वाईट बातम्या आल्या. एका गावातली तर फारच वाईट. बोरटोल्यात ओवी एक दिवस तापली. पंचफुलाबाई तिच्या उशाशी बसली ती उठेचना. पाणी नाही, चहा नाही. कुणी कितीही म्हटलं तरी ती त्या लेकराला सोडून बाहेर गेली नाही. दुसऱ्या सकाळी ओवीनं डोळे उघडले, पंचफुलाबाईच्या पदराला हात घातला आणि तो तोंडात कोंबला. ताप उतरला होता. तो चंडीपुऱ्याचा होता की साधाच, हे तपासणीतून निघालं असतं, पण पंचफुलाबाईनं ते कधी विचारलं नाही.

त्या वर्षी बोरटोल्यातलं एकही लेकरू गेलं नाही.

*

दिवाळी झाल्यावर माशीखोलीत नवी वसाहत उभी करायचं काम सुरू झालं. या वेळी चूक करायची नव्हती. वेगवेगळ्या घरांचे, वेगवेगळ्या रक्ताचे हात हवे होते. मॅडमनी फळा पुसून कोरा केला आणि पुन्हा सात वार लिहिले. हात कोण देणार याची त्यांना काळजी होती, ती बोरटोल्याच्या बसनं मिटवली. बस नेहमीप्रमाणे उशिरा आली, पण भरून आली. ताराबाई उतरल्या, त्यांच्यामागून गोधड्या शिवणाऱ्या बाया उतरल्या. सगळ्यांनी येताना हात नुसत्या पाण्यानं धुतले होते.

सगळ्यांत शेवटी पंचफुलाबाई उतरली. तिच्या अंगावर निळं लुगडं होतं. पेटीत पडून पडून त्याच्या घड्या पक्क्या झाल्या होत्या आणि त्या कुणाच्याही नजरेत भरण्यासारख्या होत्या. हे लुगडं कुणासाठी वासाचं करायचं नव्हतं, कुणाची गोधडी व्हायची नव्हती. ते तिचं होतं. सुकेशिनी पायरीवर उभी राहून बघतच राहिली.

फळ्यावर नावं भरली गेली. सोमवार ताराबाई उईके. मंगळवार... पंचफुलाबाई पुढे झाली.

"पंचफुलाबाई," पेठे मॅडम संकोचून म्हणाल्या, "तुमचा हात खरं तर उपयोगाचा नाही. तुमचा वास आणि सुकेशिनीचा जवळजवळ एकच. आम्हाला आता वेगळे हात हवेत."

"नव्यायले नोको असन," पंचफुलाबाई म्हणाली. "जुन्या कोठी हाय?"

जुन्या वसाहतीचं एकच भांडं उरलं होतं, कोपऱ्यात, सुकेशिनीनं मायेपोटी ठेवलेलं. शास्त्राच्या दृष्टीनं आता त्याचा काही उपयोग नव्हता. सुकेशिनीनं ते आणून जाळीच्या पेटीपाशी ठेवलं. ती बाही वर करू लागली, कारण त्यांची जेवायची वेळ झाली होती.

पंचफुलाबाईनं तिचा हात धरला आणि खाली केला. मग पदर खांद्यावर टाकून आपला हात जाळीच्या तोंडाशी नेला.

"सरक," ती म्हणाली. "पोरी तुह्या, त नाती माह्या. आजच्या दिस आजीच्या हातचं जेवू दे. तू बस, थकली असशीन."

माश्या टुणटुण उड्या मारत आल्या आणि त्या सुरकुतल्या हातावर बसल्या. पंचफुलाबाईनं हात हलवला नाही. सुकेशिनी शेजारच्या स्टुलावर बसली, आणि बऱ्याच वर्षांनी तिनं मायच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिथं तिला आपलाच वास आला.